उंची बदलणारं पॅकिंग टेबल आणि सोबतचा संच: पॅकिंग विभागातून लिहिलेलं मत

आमच्या छोट्या खाद्यपदार्थ कारखान्याच्या पॅकिंगसाठी आम्ही एक संच घेतला. हँडल फिरवून उंची बदलणारं स्टीलचं टेबल, त्यावर ठेवायचा तिरका स्टँड, पायाने चालणारं सीलिंग मशीन, पायाखाली घालायची जाड चटई आणि टेकून काम करायचं उंच स्टूल, अशा पाच वस्तू. आमचा माल कोरडा: पूड, दाणेदार पदार्थ, काही बरण्या. पाऊच भरणं, तोलणं, सील करणं, लेबल लावणं, खोक्यात रचणं, टेप मारणं आणि खोकी थप्पीला लावणं हे सगळं हातानेच होतं. हा विभाग मी सांभाळते, आणि माल जास्त असला की मीही ओळीत उभी राहते. म्हणून वस्तू कशा दिसतात यापेक्षा शिफ्ट संपताना खांदे, मनगटं आणि पोटऱ्या काय सांगतात त्यावरून हे लिहिते आहे.

कोणी म्हणेल, स्वयंचलित मशीन घ्या, हाताचं काम कशाला ठेवता? लहान कारखान्यात एकाच दिवसात पाऊचचा आकार, वजन, लेबल सगळं बदलतं. प्रत्येक बदलाला मशीन थांबवून जुळवायचं, धुवायचं, पुन्हा चालू करायचं, यात थोड्या मालाचा दिवस निघून जातो. त्यामुळे हाताचं पॅकिंग आमच्यासारख्यांकडे राहणारच आहे, आणि ते करणाऱ्या बायकांची कंबर धरणार नाही, हात भरून येणार नाहीत, एवढं बघणं आमचं काम आहे.

टेबलाबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाकी चारही वस्तू त्याच्या भरवशावर चालतात. याची उंची ६२ सेंटीमीटरपासून १०२ सेंटीमीटरपर्यंत बदलते. यातला ६२ चा आकडा महत्त्वाचा आहे. उंची बदलणारी बरीच टेबलं ७० च्या वर सुरू होतात, कारण ती बसून लिहिणाऱ्या माणसाला धरून केलेली असतात. पॅकिंगला तेवढं पुरत नाही.

का पुरत नाही ते सांगते. उभ्याने काम करताना टेबल किती उंच असावं हे कोपरावरून ठरतं. खांदे सैल सोडायचे, कोपर काटकोनात आणायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. हलक्या हाताच्या कामात हात कोपराच्या ५ ते १० सेंटीमीटर खाली चालले पाहिजेत. नजर रोखून करायचं बारीक काम असेल, म्हणजे शिक्का वाचणं, तर तेवढंच वर. आणि अंगाचा जोर लावायचा असेल तर १५ सेंटीमीटर किंवा त्याहूनही खाली. आमच्या विभागात सगळ्यांत बुटक्या मावशींचं कोपर ९३ सेंटीमीटरवर येतं आणि सगळ्यांत उंच मुलीचं ११० वर. दोघींना ९० सेंटीमीटरचं एकच टेबल दिलं तर मावशी दिवसभर खांदे उचलून धरतात आणि ती मुलगी मान खाली घालून उभी राहते. संध्याकाळी एकीचे खांदे भरून येतात, दुसरीची मान आखडते. दोघींच्या तक्रारी वेगळ्या वाटतात, पण कारण एकच असतं.

इथपर्यंतची गोष्ट टेबल विकणारेही सांगतात. पुढची सहसा कोणी सांगत नाही: काम टेबलाच्या फळीवर होत नाही, ते फळीवर ठेवलेल्या वस्तूच्या वरच्या कडेला होतं. ९० सेंटीमीटरच्या टेबलावर ३० सेंटीमीटर उंचीचा खोका ठेवा. त्याची कड १२० वर गेली. आत पाऊच रचायचा म्हणजे हात त्या कडेवरून न्यायचा, म्हणजे मावशींना कोपर खांद्याच्या दिशेने उचलायचं, मनगट वाकवायचं आणि आत बोटांनी चाचपत जागा शोधायची. खोका भरण्यासाठी त्यांना टेबल ६२ च्या आसपास हवं. त्याच टेबलावर पाऊचला लेबल लावायचं असेल तर ८५ च्या आसपास ठीक. म्हणजे एकाच बाईला एकाच शिफ्टमध्ये दोन उंच्या लागतात, आणि त्यांच्यात २० ते २५ सेंटीमीटरचं अंतर आहे. तळाची उंची ६२ असल्यामुळे हे टेबल दोन्ही कामं करतं. ७० ला सुरू होणारं टेबल खोक्याच्या कामाला आमच्या निम्म्या बायकांच्या उपयोगाचं नाही. घेण्याआधी आपला सगळ्यांत मोठा खोका, वजनकाटा आणि सीलिंग मशीन यांची उंची मोजून घ्या आणि ती टेबलाच्या उंचीत मिळवून बघा.

आता टेबलाचा कच्चेपणा. पाय वरपर्यंत ताणले की फळी हलते. साध्या नजरेला दिसत नाही, पण वजनकाट्याला कळतं. उंच मुलगी ९८ वर टेबल ठेवून पाऊच तोलत असते आणि शेजारची टेप ओढत असते, तेव्हा काट्यावरचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. अंक पुढेमागे होतात, ती वाट बघते, आणि वाट बघताना भरलेला चमचा हवेत धरून ठेवते. काट्याने उशीर केला की हाताला असा भार पडतो. आम्ही यावर उपाय म्हणून काट्यासाठी जमिनीवर पक्का उभा राहणारा वेगळा छोटा स्टँड केला आणि टेबलाला त्याच्याजवळ सरकवलं. काट्याची थाळी फळीच्या पातळीला आणली. त्यामुळे पाऊच उचलून काट्यावर ठेवायची गरज राहिली नाही, सरकवला की झालं. ही शेवटची गोष्ट तर कोणत्याही टेबलावर करता येईल. फळीला खाच पाडून काटा आत बसवला तरी चालतो, फक्त खाचेत पूड साठणार नाही अशी ती पुसता आली पाहिजे.

हँडलबद्दल. एका फेऱ्यात फळी साधारण अर्धा सेंटीमीटर वर जाते. २० सेंटीमीटर बदलायचे म्हणजे चाळीस फेरे, आणि तेही वाकून, कारण हँडल फळीच्या खाली आहे. दिवसातून एकदा ठीक आहे. दर तासाला कोणी करणार नाही, आणि करायला सांगूही नये. विजेवर चालणारं टेबल असतं तर बटण दाबून झालं असतं. पण आमच्याकडे रोज धुणं-पुसणं असतं आणि पूड उडते. विजेच्या मोटारीचं आवरण पाणी आणि पूड दोन्ही बाहेर ठेवणारं हवं, आणि तसं टेबल हा संच विकणाऱ्या कंपनीकडे नव्हतं. म्हणून आम्ही कामाची मांडणी बदलली. नवं टेबल खोक्यांसाठी कमी उंचीला ठेवलं, जुनं पक्कं टेबल पाऊचच्या कामाला ठेवलं, आणि टेबल हलवण्याऐवजी बायका दोन टेबलांमध्ये फिरतात. शिफ्टच्या सुरुवातीला खोक्यांच्या टेबलावर त्या दिवशी जी जास्त वेळ असेल तिच्या मापाला एकदा उंची लावायची. टेबलाच्या पायावर प्रत्येकीच्या रंगाची पट्टी चिकटवली आहे, त्यामुळे मोजत बसावं लागत नाही. जुन्या टेबलावर बुटक्या बायकांसाठी पायाखाली रुंद, न घसरणारा पाट ठेवला. तो अरुंद असला तर पाऊल मागे टाकताना माणूस पडतो, म्हणून टेबलाच्या पूर्ण लांबीचा केला.

टेबलाची स्वच्छता चांगली आहे. पायांच्या पोकळ नळ्यांची तोंडं बंद केलेली आहेत, जोड वेल्डिंग करून घासलेले आहेत, फळीची कड गोल वळवलेली आहे. ही गोल कड मनगटालाही फार मानवते. धारदार कडेवर हात टेकून दिवसभर लेबल लावली की मनगटाच्या आतल्या बाजूला दाब पडतो आणि बोटांना मुंग्या येऊ लागतात. उंची बदलणाऱ्या स्क्रूला वंगण लागतं. खाद्यपदार्थाच्या कामाला एच-१ वर्गातलं वंगण मागा. पदार्थाला चुकून स्पर्श झाला तरी चालेल, अशा कामासाठी तो वर्ग आहे. आम्ही विचारल्यावरच त्यांनी ते दिलं. आधीपासून द्यायला हवं होतं.

तिरका स्टँड ही संचातली सगळ्यांत साधी वस्तू आहे आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडली. खोका त्यावर ठेवला की त्याचं तोंड आपल्याकडे झुकतं. जवळची कड खाली येते, हात सरळ आत जातो, मनगट वाकत नाही, आणि तळ डोळ्यांना दिसतो. कोन तीन टप्प्यांत बदलतो. हलक्या पाऊचना जास्त झुकाव चालतो. बरण्यांना मात्र पहिलाच टप्पा ठेवा, नाहीतर पहिला थर बसायच्या आत बरण्या पुढे घसरतात आणि एका हाताने त्या अडवून दुसऱ्याने रचावं लागतं. खोका अडवणारी खालची अडणी थोडी उंच हवी होती. रिकामा खोका तिच्यावरून निसटतो.

स्टँडमुळे आणखी एक फायदा झाला. माल ठेवायचे क्रेटही आम्ही तिरके ठेवायला लागलो आणि ते जवळ आणता आले. कोपर अंगाजवळ ठेवून नुसता पुढचा हात फिरवला तर ३५ ते ४५ सेंटीमीटरपर्यंत पोचतो. हात पूर्ण लांबवला तर ५५ ते ६५. सारखं लागणारं सगळं पहिल्या कक्षेत हवं, आणि अधूनमधून लागणारं दुसऱ्यात. आमच्याकडे लेबलांचं रीळ वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडच्या कडेला होतं, कारण तिथे खिळा होता. प्रत्येक पाऊचला हात लांबवायचा, कंबर किंचित वाकवायची. एका वेळेला काहीच वाटत नाही. दिवसभराचे हिशेब केले की खांदा का दुखतो ते कळतं.

सीलिंग मशीनबद्दल माझं मत मिश्र आहे. आधीच्या हाताच्या मशीनवर प्रत्येक सीलला दांडी खाली दाबून धरावी लागायची. वरून दाबताना कोपर वर जातं आणि जोर खांद्यातून येतो. पायाच्या मशीनने ते काम पायावर गेलं आणि दोन्ही हात पाऊचचं तोंड सरळ धरायला मोकळे झाले. सील सरळ येतं, सुरकुती पडत नाही, परत सील करायचे पाऊच कमी झाले. हा फायदा खरा आहे.

पण उभ्याने पेडल दाबायचं म्हणजे सगळं वजन दुसऱ्या पायावर. एक पाय सारखा वर, एक सारखा भारात, आणि कंबर एका बाजूला कललेली. या मशीनचं पेडल साखळीने जबड्याला, म्हणजे पाऊच दाबून सील करणाऱ्या पट्ट्यांना, जोडलेलं आहे आणि उजव्या बाजूला पक्कं आहे. ते डावीकडे नेता येत नाही, म्हणून पाय बदलता येत नाही. मशीनचा स्टँड स्वतंत्र असून त्याची उंची बदलत नाही, त्यामुळे टेबल कितीही वरखाली केलं तरी सीलचा जबडा जिथे आहे तिथेच राहतो. संच म्हणून विकताना ही गोष्ट कंपनीच्या लक्षात यायला हवी होती. विजेच्या तारेने जोडलेलं, मोकळं, कुठेही सरकवता येणारं पेडल आणि विजेने मिटणारा जबडा असता तर दोन्ही अडचणी सुटल्या असत्या. ज्यांच्याकडे पाऊच बऱ्यापैकी एकाच मापाचे आहेत त्यांनी पट्ट्यावर पाऊच पुढे सरकत जाऊन सील होणारं मशीन बघावं. त्यात दाबायचंच काही नसतं. आम्ही सध्या सील करणारीला स्टुलावर टेकायला देतो आणि ते काम सलग फार वेळ एकीकडे ठेवत नाही.

सीलपेक्षा वाईट काम आहे पाऊचची झिप अंगठ्याने दाबत नेणं. याची दखल या संचात कुठेच नाही, आणि अशा कोणत्याच संचात मी ती पाहिलेली नाही. चिमटीची ताकद मुठीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी असते. आपण मात्र पाऊच उघडतो चिमटीने, झिप दाबतो चिमटीने, लेबल सोलतो चिमटीने. त्यात हातमोजे सैल असले की पकड निसटू नये म्हणून आणखी जोर लावला जातो. हिशेब करून बघा: १२ सेकंदाला एक पाऊच, तासाला ३००, सात तासांत २१००. झिपवर अंगठा दोनदा फिरवला तर ४२००. हाताच्या कामाच्या अभ्यासात ३० सेकंदांपेक्षा लहान फेरा फार पुनरावृत्तीचा मानतात, आणि आपला फेरा त्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं, पातेलं उचलताना कळ आली, तर तो त्या जागच्या स्नायुरज्जूंच्या आवरणाचा त्रास असू शकतो. फ्रित्झ द केर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि अजूनही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. कोणी अशी कळ सांगितली तर तिला त्याच दिवशी त्या कामावरून बाजूला घ्या आणि डॉक्टरांकडे पाठवा.

यावर आमच्या दोन सोयी आहेत. झिप दाबायला टेबलाच्या कडेला दोन छोटी रबरी चाकं आमनेसामने बसवून घेतली. पाऊच त्यांच्यामधून ओढला की झिप बंद होते, आणि ओढायला पूर्ण मूठ वापरता येते. पाऊच भरताना तोंड उघडं धरायला नरसाळ्याचा स्टँड केला. पाऊचचं तोंड नरसाळ्याला अडकतं आणि एक हात मोकळा राहतो. दोन्ही गोष्टी जवळच्या फॅब्रिकेशन करणाऱ्याने बनवून दिल्या. कंपनीने संचात सीलिंग मशीनऐवजी हे दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं. शिवाय हातमोजे तीन मापांत ठेवा. सगळ्यांना मोठं माप ही पद्धत हातांना फार त्रास देते.

टेपच्या हत्याराबद्दल थोडकंच. पातं बोथट झालं की झटका द्यावा लागतो आणि रिळाचा ब्रेक घट्ट असला की ओढायला जोर लागतो. पातं वेळेवर बदला, ब्रेक सैल ठेवा.

चटई ठीक आहे. उभं राहून पोटऱ्या ठणकतात, कारण पाय न हलवता उभं राहिलं की पोटरीचे स्नायू आखडलेले राहतात आणि रक्त वर ढकलण्याचं त्यांचं काम मंदावतं. मऊ चटईवर शरीर स्वतःहून बारीक हालचाल करत राहतं. पहिल्यांदा दिलेली चटई भोकांची होती. ओल्या फरशीला ती बरी, पण पूड भोकांत जाऊन बसते आणि पाणी लागलं की चिकटते. खाद्यपदार्थाच्या जागी ती नकोच. बदलून बंद पृष्ठभागाची, उतरत्या कडांची दिली. उतरती कड नसेल तर ट्रॉली अडते आणि पाय अडखळतो. चटईची जाडी सुमारे दोन सेंटीमीटर आहे आणि तेवढी बाई उंच होते, म्हणून कोपराचं माप चपला घालून, चटईवर उभं राहूनच घ्या. पेडलही चटईच्या पातळीला आणा, नाहीतर पाय तिरका पडतो.

स्टूल आमच्यासाठी निम्मं उपयोगी ठरलं. टेकून उभं राहिलं की पायांना विसावा मिळतो हे खरं, पण टेबलाखाली गुडघ्यांना जागा हवी. टेबलाला खाली सामानाचा कप्पा आहे. त्यामुळे बाई टेबलापासून लांब टेकते आणि पुढे वाकून काम करते, म्हणजे पायांचं दुखणं कमरेवर गेलं. कप्पा काढून टाकल्यावर स्टूल कामाला आलं. ऑर्डर देताना कप्पा नको असं सांगा.

आता जे या संचात नाही पण ज्याने कंबर जाते: उचलणं. टेबलावर सगळं नीट झालं आणि भरलेला खोका जमिनीवरच्या थप्पीला लावायचा असेल तर मिळालेलं सगळं तिथे गमावतो. कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं, किती वजन उचलणं ठीक ते सांगणारं एक सूत्र आहे. ते २३ किलोपासून सुरू होतं, आणि परिस्थिती जितकी वाईट तितकं हे वजन खाली येतं. खोका अंगापासून २५ सेंटीमीटरवर असेल तर काही कपात नाही, ५० वर गेला की थेट निम्मं. उचलताना हात ७५ सेंटीमीटरच्या उंचीवर असणं सर्वांत चांगलं. आमच्या खोक्याचं गणित मांडलं. थप्पीच्या तळातून, हात जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर, खोका अंगापासून ५० सेंटीमीटर लांब, ७५ पर्यंत उचलायचा आणि ४५ अंश वळायचं. उत्तर येतं सुमारे ७ किलो. खोका १० किलोचा आहे. यात किती वेळा उचलतो याची कपात धरलेलीच नाही. तोच खोका अंगाला लावून, ७५ च्या उंचीवरून, न वळता शेजारी सरकवला तर २३ किलोची मर्यादा जवळजवळ पूर्ण उपलब्ध असते.

म्हणून आम्ही दोन बदल केले. थप्पीच्या खाली रिकाम्या पॅलेटचा उंचवटा केला आणि तळाचा थर वर आणला. आणि टेबलाच्या टोकापासून थप्पीपर्यंत फिरत्या रुळांची छोटी पट्टी लावली, त्यामुळे भरलेला खोका ढकलत न्यायचा असतो. खोक्यात पाऊच कमी भरून त्याचं वजन कमी करणं हा पर्यायही आहे, पण मग उचलण्याच्या फेऱ्या वाढतात. तो हिशेब प्रत्येकाने आपल्या मालाप्रमाणे करावा.

बायकांना आळीपाळीने कामं देतानाही हेच बघायला हवं. लेबल लावणारीला झिप दाबायला बसवलं तर जागा बदलली, पण काम त्याच अंगठ्याने चाललं. लेबलावरून खोके रचायला, तिथून तोलायला, तिथून सीलला, असं पाठवलं की एकीकडे दमलेला अवयव दुसरीकडे सुटतो. मोबाइलवर बाजूने थोडा व्हिडिओ काढून रूला या पद्धतीने गुण देऊन बघा. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या मॅकॅटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये ती मांडली. हात, मनगट, मान, पाठ यांच्या कोनांवरून १ ते ७ गुण येतात. १-२ म्हणजे चालेल, ७ म्हणजे ताबडतोब बदला. आमच्या जुन्या टेबलावर उंच खोका भरणाऱ्या मावशींना ७ आले, तिरक्या स्टँडसह खालच्या टेबलावर ३. मालकांना टेबलाचा खर्च पटवायला मला या दोन आकड्यांचा फार उपयोग झाला. व्हिडिओ काढण्याआधी मावशींना विचारलं आणि नंतर त्यांनाच दाखवला. आपलं कोपर किती वर जातं ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

कंपनीच्या सेवेबद्दल: माल वेळेवर आला, जोडणी त्यांच्या माणसाने केली, पण जोडणी झाल्यावर तो कोणाचंही माप न घेता टेबल ९० वर लावून निघून गेला. उंची बदलणारं टेबल विकणाऱ्याने निदान एका बाईला उभं करून उंची लावून दाखवावी. काही काळाने हँडल जड झालं. स्क्रूमध्ये पूड गेली होती. फोन केल्यावर त्यांनी स्क्रूवर चढवायचं रबरी आवरण पाठवलं, त्यानंतर त्रास नाही. सुटे भाग मिळतात, बोलणं सरळ आहे.

दुसऱ्या टेबलाची ऑर्डर त्याच कंपनीला दिली आहे. त्यात लिहून दिलं आहे: तळाची उंची ६२ च राहू दे, खालचा कप्पा नको, स्क्रूवर आवरण आणि एच-१ वंगण आधीपासून हवं, हँडल फळीच्या पुढच्या कडेला हवं, तिरक्या स्टँडची अडणी उंच हवी. सीलिंग मशीन या वेळी त्यांच्याकडून घेतलेलं नाही. ज्यांच्याकडे एकाच उंचीच्या माणसांकडून एकाच आकाराचं पॅकिंग होतं, त्यांना हे टेबल लागणार नाही. योग्य मापाचं पक्कं टेबल करून घ्या आणि तिरका स्टँड तेवढा या कंपनीकडून मागवा. तो सुटाही मिळतो.